विमलबाई आणि ब्लॅक रोझ

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तनयाने मला ती वाचत असलेलं पुस्तक दाखवलं. दोन मैत्रिणींची गोष्ट, त्यातली एक मरते, आणि निम्मं पुस्तक म्हणजे त्यांनी एकमेकींना फोनवर पाठवलेले निरोप. वाचताना खूप रडले म्हणाली. मग विचारलं, "आजी, मराठीत असली पुस्तकं असतात?" मागून अद्वैत ओरडला, "मराठीत फक्त राजे असतात!"

मुलांनो, असतात. एक तरी आहे, कारण ते लिहिलं जात होतं तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. ते लिहिणाऱ्या बाईंबद्दल तुम्हाला सांगायचं राहून गेलं आहे. आता सांगते, आणि क्रमाने सांगते. क्रम सुटला की मला पुढचं सुचत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.

विमलबाई आमच्या शाळेत मराठी शिकवायच्या, मी इंग्रजी. राजारामपुरीतली मुलींची शाळा होती. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या लागून होत्या, पण टेबलावर जणू देशाची सीमा आखलेली होती. माझ्या बाजूला वह्या कडेला कड लावून. त्यांच्या बाजूला वह्या, भुईमुगाच्या शेंगा, गुळाचा खडा, कुणाची तरी जप्त केलेली पिपाणी आणि त्या सगळ्याखाली कुठेतरी लाल पेन. त्यांच्याकडून तपासून आलेल्या निबंधांना गूळ लागलेला असे. मुलींची त्याबद्दल तक्रार नव्हती.

त्या कसबा बावड्यात राहायच्या. घराच्या मागे ऊस, पुढे रस्ता. सकाळी सिटी बसने यायच्या आणि बसमधून उतरण्याआधी त्यांचा आवाज उतरायचा. हळू बोलणं त्यांना जमतच नसे. काही गुपित सांगायचं असलं की मला मैदानाच्या मधोमध घेऊन जात, कारण तिथून भिंती लांब होत्या. एकदा कारखान्याच्या हंगामात एक शिक्षिका नाक मुरडून म्हणाल्या, "विमलबाई, तुमच्या पदराला मळीचा वास येतो हो." बाई पदर नाकाशी नेऊन म्हणाल्या, "येणारच की. शेजारी साखरेचा कारखाना हाय. अत्तराचा काढायला सांगू व्हय?"

नव्वदच्या दशकात त्यांनी मुलींसाठी लिहायला सुरुवात केली. लहान मुलांच्या गोष्टी नव्हेत, आणि मोठ्यांच्याही नव्हेत. "आठवी ते बारावी," त्या म्हणायच्या. "ह्या वयातल्या पोरींना कोण इचारतंय? परी संपलेली असती आणि लग्न अजून लांब असतंय. मधल्या मधी वाचायचं काय?" लिहून झालेलं प्रकरण मधल्या सुट्टीत नववीच्या मुलींना जिन्यावर बसवून वाचून दाखवत. वाचताना त्यांचं लक्ष मुलींच्या तोंडाकडे नसे, पायांकडे असे. "तोंड खोटं बोलतंय बाई. बाईंना बरं वाटावं म्हणून हसतंय. पायाला तेवढी अक्कल नसती. पाय हलायला लागलं की समजायचं, पान फाडायचं." आणि खरोखर फाडत, तिथल्या तिथे. मला ते बघवत नसे. मी ते तुकडे उचलून केराच्या टोपलीत टाकायची.

त्यांच्या पहिल्या पुस्तकात दोन मैत्रिणी सायकलवरून भांडतात आणि शेवटपर्यंत त्यांचं जुळत नाही. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी ते वाचून विचारलं, "पण यातून बोध काय घ्यायचा?" विमलबाईंनी शेंग फोडली, दाणे त्यांच्या पुढे धरले आणि म्हणाल्या, "पोरींना बोध नको असतोय मॅडम. बाकावर शेजारी बसणारी पाहिजे असती." मुख्याध्यापिकाबाईंनी दाणे घेतले. पुस्तक शाळेच्या वाचनालयात लागलं.

आम्ही दोघी एकाच वर्षी निवृत्त झालो. दोन हजार साल उलटून गेलं होतं आणि राजारामपुरीच्या गल्ल्यांमध्ये क्लासच्या पाट्यांशेजारी सायबर कॅफेच्या पाट्या दिसायला लागल्या होत्या. एक दिवस विमलबाई माझ्या दारात. "बाई, चपला घाला. एक जुनी विद्यार्थिनी भेटलीती बसमध्ये. तिच्या लेकीची जिवलग मैत्रीण कॉम्प्युटरमधी ऱ्हाती म्हणं. एकमेकींचं तोंड बघितलेलं न्हाय आणि रोज सुखदुःख बोलत्यात. मला त्यावर लिहायचंय, आणि मला त्यातलं ओ का ठो कळत न्हाय."

कॅफे म्हणजे जिन्याखालची एक खोली होती. प्लायवुडचे खण पाडलेले, प्रत्येकात एक संगणक, एक खुर्ची आणि अर्धा पडदा. आमच्यासाठी दुसरी खुर्ची आणावी लागली. मालकाने विचारलं, "मॅडम, चॅटला नाव काय ठेवू?" बाकीच्या पोरांची नावं काहीबाही होती, कुणी राजकुमार, कुणी वादळ. विमलबाई म्हणाल्या, "विमलबाई, निवृत्त." त्याने तसंच ठेवलं.

टायपिंग त्यांनी मला करू दिलं नाही. उजव्या हाताचं एकच बोट, तेही टोचल्यासारखं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, पण अक्षर सापडेपर्यंत समोरचा वैतागून निघून जायचा. प्रत्येक जण आल्या आल्या तीन इंग्रजी अक्षरं टाकायचा. एम. ए. ला मी शेक्सपिअर केलेला, पण ती अक्षरं मला लागेनात. पलीकडच्या खणातून एक मुलगी म्हणाली, "वय, बाई की पुरुष, आणि गाव विचारतायत, काकू." मग विमलबाईंनी प्रत्येकाला प्रामाणिकपणे उत्तर द्यायला सुरुवात केली. "साठीला टेकले. बाईमाणूस. कोल्हापूर. तू जेवलास का?"

की समोरचा गायब.

"पळाला," त्या आनंदाने जाहीर करत. सगळं कॅफे हसायचं. मी त्यांना म्हटलं, "अहो, जेवणाचं विचारू नका. इथं असं विचारत नाहीत." "मग काय इचारत्यात? कोल्हापुरात मेल्या माणसाला पण लोक जेवलास का इचारतील की."

एक जण मात्र पळाली नाही. तिचं नाव होतं ब्लॅक रोझ. इचलकरंजीची, अकरावीत. बाईंनी विचारलं, "जेवलीस का?" पलीकडून उत्तर आलं, "हो. तुम्ही?" विमलबाईंनी माझा हात घट्ट धरला. "बाई, उलट इचारलं हिनं!"

मग आठवड्यातून दोन-तीन दुपारी हे चालू झालं. ब्लॅक रोझ क्लास सुटल्यावर यायची. शिकवणीचे सर, मैत्रिणीने केलेला अबोला, केसातला कोंडा, असल्या गप्पा. विमलबाई घरी जाऊन त्यावर कादंबरीची पानं लिहायच्या. आणि दर वेळी पहिला प्रश्न तोच. एक दिवस त्याचं उत्तर निराळं आलं. "नाही. दादा गेल्यापासून आमच्यात एकत्र कोणी जेवत नाही."

विमलबाईंचं बोट हवेतच राहिलं. तिचा भाऊ मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. तेव्हापासून घरात त्याचं नावही निघत नव्हतं. आई ताट वाढून ठेवायची, ज्याने त्याने आपापलं उचलायचं.

"काय लिहू बाई?" त्यांनी मला विचारलं. मी इंग्रजीतलं एक बरं वाक्य सांगितलं, सांत्वनाच्या पत्रात असतं तसं. त्यांनी मान हलवली आणि टोचत टोचत लिहिलं, "काय आवडायचं त्याला?"

मग ओळींमागून ओळी यायला लागल्या. शेंगदाण्याची चटणी. दहीभाकरी, पण दही गोड लागायचं. कुरकुरीत झालेली भाकरीची कड. ती लिहीत राहिली आणि आम्ही वाचत राहिलो. मालकाने त्या दिवशी वेळ संपल्याचं सांगितलं नाही. शेवटी तिने लिहिलं, "आमचं घर मारुतीच्या देवळामागं. खाली माग, वर आम्ही. या एकदा घरी."

आता, माणसं असं म्हणतात. तुमची आई फोन ठेवताना प्रत्येकाला म्हणते, या हं एकदा. कोणी येत नसतं. पण विमलबाई उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "वाचलंत न्हवं? बोलावलंय."

अनोळखी माणसाच्या घरी जायचं नाही असं तुम्हाला सतत बजावणारी ही तुमची आजी दुसऱ्याच दिवशी इचलकरंजीच्या एसटीत बसली होती. विमलबाईंच्या मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या होत्या आणि डब्यात पिठलं. मी विचारलं, हे कशाला? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी इंग्लंडात जन्मले होते. आमच्याकडे घरात माणूस गेलं की त्या घरची चूल पेटत नाही. भावकीतली, शेजारची माणसं भाकरी-पिठलं घेऊन जातात आणि घरच्यांना समोर बसून चार घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. "अहो, पण त्याला सहा-सात महिने झाले," मी म्हटलं. "आपल्याला कळून एकच दिवस झालाय की," त्या म्हणाल्या.

इचलकरंजीत उतरलो तर कानावर फक्त यंत्रमागांचा खडखडाट. प्रत्येक घराच्या तळमजल्यावर माग चालू, शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. पहिल्यांदाच विमलबाईंचा आवाज मला एखाद्या गावाच्या मापाचा वाटला. मारुतीचं देऊळ सापडलं. मागे मोठी गल्ली. आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की मुलीचं खरं नाव आम्हाला ठाऊकच नाही. मी परत फिरू म्हटलं. विमलबाईंनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून हाक दिली, "ब्लॅक रोझचं घर कुठलं हाय वोऽऽ?"

दोन माग थांबले. एका शेडमधून अंगभर कापूस चिकटलेला एक माणूस बाहेर आला. "कोण पाहिजे पावणं?"

"ब्लॅक रोझ."

"ती काय कंपनी हाय?"

"पोरगी हाय. अकरावीत. ब्लॅक रोझ म्हंजे काळा गुलाब."

"काळा न्हवं, हितं कुठलाच गुलाब न्हाय," तो म्हणाला आणि मागे वळून ओरडला, "अरं, काळा गुलाब कुणाचा?" गल्लीभर हाक फिरायला लागली. पोरं, बायका, एक शेळी, सगळे बाहेर. तेवढ्यात वरच्या एका खिडकीत एक मुलगी आली, खाली बघितलं आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती धावत खाली आली. वेणी अर्धी घातलेली, चेहरा लाल.

"विमलबाई निवृत्त?"

"व्हय."

"तुम्ही खरंच म्हातारी हाय?"

तिला इतके दिवस वाटत होतं की कुणीतरी कॉलेजचा पोरगा म्हातारीचं सोंग घेऊन मजा करतोय. "मग तू बोलत का ऱ्हायलीस?" विमलबाईंनी विचारलं. ती म्हणाली, "कोण का असंना. जेवलीस का म्हणून दुसरं कोण इचारतच नव्हतं."

तिचं नाव अश्विनी. वर तिची आई दारात उभी होती, पदर डोक्यावर घेऊन, घाबरलेली. फडक्यातल्या भाकऱ्या दिसल्यावर तिला कळलं. "आता?" ती म्हणाली. "समदी येऊन गेली तवाच. तेरा दिवस घर भरलेलं होतं."

"आम्ही ऱ्हायलो होतो की," विमलबाई म्हणाल्या.

आईने पाट मांडले. खालून नवऱ्याला हाक मारून वर बोलावलं. तो हात धुऊन बसला, अश्विनी बसली, शेवटी आईही बसली. भाकरी थंड होती आणि पिठलं घट्ट झालं होतं. सगळ्यांनी ते खाल्लं. गेलेल्याचं नाव मात्र त्या दिवशीही कोणी घेतलं नाही.

परतीच्या एसटीत विमलबाई रिकामं फडकं घडी घालून मांडीवर धरून बसल्या होत्या. बावड्याला उतरताना म्हणाल्या, "पुस्तकात हे येणार बाई. ह्याच्याबिगर पुस्तक न्हाय. पण दुःख त्यांचं हाय, माझं न्हाय. पुरं झालं की पोरीला वाचून दाखवणार. ती न्हाय म्हणाली तर बंबात घालणार."

मी त्यांना ओळखत होते. बंब म्हणाल्या म्हणजे बंब.

पुढचं वर्षभर त्यांनी लिहिलं. कॅफेत जाणं आणि जेवलीस का विचारणं चालूच होतं, आता खऱ्या नावाने. मी स्वच्छ प्रत काढायची, समास सोडून. पुस्तक खरंच चांगलं उतरत होतं. दोन मुली, एकमेकींना न पाहिलेल्या, आणि एकीचा भाऊ गेलेला. भावाचं प्रकरण लिहिताना माझेच डोळे भरून यायचे. किती गुणी मुलगा! बहिणीला शिकवणारा, आईला मदत करणारा, संध्याकाळी देवाला दिवा लावणारा. मी विमलबाईंना म्हटलं, हे तुमचं सर्वात उत्तम पान आहे. आणि मनातल्या मनात त्या बंबाला घाबरत राहिले.

अश्विनीची बारावीची परीक्षा झाल्यावर आम्ही परत इचलकरंजीला गेलो. खोलीत अश्विनी पलंगावर, आम्ही दोघी सतरंजीवर, आई आत स्वयंपाकघरात. विमलबाई वाचायला लागल्या. पहिल्या प्रकरणांना अश्विनी खिदळत होती. भावाचं प्रकरण आलं. मी सवयीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तर तो गंभीर, शहाण्या मुलीसारखा. मग विमलबाई जिकडे बघत होत्या तिकडे पाहिलं. पलंगावरून लोंबणारे तिचे पाय जोरजोरात हलत होते.

विमलबाईंनी वाचणं थांबवलं. "बोल."

"काय न्हाय. छान हाय."

"अश्विनी."

ती एकदम म्हणाली, "ह्यो कोण हाय?"

"तुझा दादा. म्हंजे तसा—"

"आमचा दादा असला न्हवता! दिवा? त्यानं जन्मात दिवा लावला न्हाय. माझ्या वेण्या खिडकीच्या गजाला बांधायचा! कॅरममधी सोंगट्या ढापायचा. आणि गाणं म्हणायचा बाई, असलं भसाडं, की खालनं कामगार ओरडायचे, माग चालू करा रे लवकर!" तिचा आवाज चढत होता. "तो गेल्यापासनं जो येतोय तो म्हणतोय, देवमाणूस होता. आता तुम्ही पण. माझा दादा कुठं गेला मग?"

विमलबाईंनी हातातलं पान खाली ठेवलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, ही आपली रीत. त्यांनी रीत पाळली होती, आणि पाळता पाळता त्या पोराला पुसून टाकलं होतं.

आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला. अश्विनीची आई दारात येऊन उभी राहिली होती, हाताला पीठ. आता ओरडा बसणार असं मला वाटलं. ती लेकीकडे बघत म्हणाली, "आणि सायीचं? ते सांग की."

"कुठलं सायीचं?"

"रोज दुधावरची साय खायचा चोरून. आणि मिशीला पांढरं तसंच. मी म्हटलं, संतू, साय कुणी खाल्ली? तर म्हणतोय कसा, मांजरानं. अवो, आमच्यात मांजर न्हवतं!" ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली, पीठ लागलेला हात तोंडावर धरला, आणि रडायला लागली, आणि परत हसायला लागली. अश्विनी पलंगावरून उतरून तिला चिकटली. त्या घरात त्याचं नाव तेव्हा निघालं. मग निघतच राहिलं. वडील चहाला वर आले आणि त्यांच्याकडेही एक तक्रार निघाली, सुपारीच्या डब्याबद्दलची.

उठताना अश्विनी विमलबाईंना म्हणाली, "असाच ठेवणार असला तर न्हाय. छापायचं न्हाय. होता तसा लिवला तर व्हय."

विमलबाईंनी माझ्या हातची ती स्वच्छ पानं घेतली, माझं सर्वात उत्तम पान, आणि टराटरा फाडली. "व्हय म्हणाली बाई," त्या मला म्हणाल्या, जणू मी ऐकलंच नव्हतं. एसटी स्टँडपर्यंत त्या ते सगळ्या गल्लीला ऐकवत होत्या.

नवं प्रकरण त्यांनी फार लवकर लिहिलं. पुस्तकाचं नाव ठेवलं, "खाली माग, वर आम्ही." कोल्हापुरातल्या एका लहान प्रकाशकाने ते छापलं. प्रकाशन सभागृहात करू, पाहुणे बोलावू, असं तो म्हणत होता. विमलबाई म्हणाल्या, पाहुणे आम्ही, जायचं इचलकरंजीला. प्रकाशनानंतर थोड्याच दिवसांत मी पुण्याला तुमच्या बाबांकडे, ते तेव्हा तिथे होते, राहायला आले. फोनवर आम्ही पुढे पुष्कळ वर्षं बोललो, म्हणजे त्या बोलल्या आणि मी फोन कानापासून लांब धरला. पण त्यांना प्रत्यक्ष पाहिलं ते प्रकाशनाच्या दिवशी, इचलकरंजीत, शेवटचं.

अश्विनीच्या घराखालच्या मागांना सुट्टी होती. शेडमध्ये तशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मागांच्या मधल्या जागेत सतरंज्या अंथरलेल्या, कामगार बायकापोरांसह आलेले, अश्विनी नव्या ड्रेसमध्ये, तिची आई सगळ्यांना पेढे वाटत होती. प्रकाशकाने दोन शब्द बोलून घेतले. मग विमलबाई उभ्या राहिल्या आणि संतूचं प्रकरण वाचायला लागल्या. कॅरमच्या सोंगट्या आल्या. मागच्या रांगेतून एक कामगार उठला. "सोंगट्याच न्हाय बाई, माझी सायकल न्यायचा न इचारता, आणि चाकातली हवा गेली की आणून तशीच लावायचा!"

दुसरा म्हणाला, "माझा डबा उघडून चटणी तेवढी खायचा."

"माझं नाव त्यानंच पाडलं टमाटं. अजून सगळी टमाटंच म्हणत्यात!"

"बसा की, वाचू द्या बाईंना," कुणीतरी ओरडलं. पण आता सगळेच एकदम बोलत होते. आई पेढ्यांचं ताट तसंच हातात धरून एकेकाकडे वळत होती आणि विचारत होती, कवा? कवा केलतं त्यानं असं? मला कसं कळलं न्हाय?

विमलबाईंनी पुस्तक मिटलं. पदर सावरून त्या सतरंजीवर, त्या सायकलवाल्याच्या शेजारी, मांडी घालून बसल्या आणि हनुवटी तळहातावर टेकवली.

"मग?" त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा, इतक्या हळू की मला ते ओठांवरून कळलं. "पुढं काय झालं?"